लाव्हर्लचं तळं आणि थोराचं मीठ

लग्नात काय मिळालं असं विचारलं, तर थोरा टोलमन सांगते, "एक नवरा आणि एक पाण्याचा टँकर. दोन्ही कुरकुरतात, पण टँकर निदान उतारावर सोडून देता येतो."

युटा राज्याच्या पश्चिम भागात, एल्बो फ्लॅटवर, टोलमनांची गुरं तीन पिढ्या चरत आलेली. वरचं कुरण ऐसपैस. सेजब्रशची राखाडी, कडवट वासाची झुडपं, त्यांच्या बुंध्याशी तग धरून राहिलेलं गवत, आणि पाणी नाही. पाणी खाली, घरामागच्या विहिरीत. म्हणून उन्हाळाभर थोरा रोज टँकर भरून वर न्यायची आणि टाक्यांत रिकामा करून परत आणायची. तिच्या नवऱ्याच्या, लाव्हर्लच्या मते ही सोय तात्पुरती होती. वर त्यानं स्वतः खोदलेलं तळं होतं आणि ते आज ना उद्या पाणी धरणारच होतं. त्यांची मुलं मोठी होऊन शहरात संसाराला लागली, तरी तात्पुरतं काही संपेना.

तळ्यात खोट एवढीच, की त्यात पाणी राहत नसे. डोंगरावरचं बर्फ वितळलं की ते तुडुंब भरायचं. लाव्हर्ल काठावर उभा राहून टोपी मागे सारायचा आणि फोटो काढून घ्यायचा. मे संपता संपता बुडाला भेगा.

माती पोयट्याची, फिकट, पिठासारखी, आणि चुनखडीनं ठासून भरलेली. भिजली की कणीक, वाळली की वीट. दगड उलटा केला तर त्याच्या पोटाला पांढरं पुट. झुडपं खुरटी असतील तिथं गुडघाभर खणलं की चुन्याची अशी फरशी लागते, की पहार उलटी हातावर येते. थोराच्या किटलीत चुना, गुलाबाची पानं बारा महिने पिवळी. लोणच्याचं व्हिनेगर अंगणात सांडलं तर जमीन फसफसून उत्तर देते.

जुनी माणसं झुडूप बघून जमीन ओळखत. छातीइतकं सेजब्रश असेल तर माती खोल, घोट्याएवढं काळपट असेल तर फरशी वर आलेली. लाव्हर्लनं तळं नेमकं छातीइतक्या झुडपांत खोदलं. झाडांना जे मानवतं ते पाण्यालाही मानवेल, असा त्याचा हिशोब. झाडांची मुळं खाली जायला वाट मोकळी होती. पाण्यालाही तीच मिळाली.

गेल्या शरदात डॉक्टरनं थोराचे गुडघे तपासले. त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात मी टँकरवर चढणार नाही. तळं धरलं तर ठीक. नाहीतर गुरांचं तू बघ, मी उन्हाळाभर बहिणीकडे प्रोव्होला."

लाव्हर्ल हसला. थोरा हसली नाही. 

त्याच आठवड्यात मातीची पाहणी करणारी जनीन नावाची मुलगी आली. तिनं तळ्याकाठी खड्डा घेतला, मातीवर आम्लाचे थेंब टाकले, फेस आला, आणि तिचा चेहरा खुलला. "चुन्यामुळे इथले कण एकमेकांना धरून बारीक गोळ्या करतात," ती म्हणाली. "गोळ्यांच्या मधून पाणी निसटतं. बुडाच्या ओल्या मातीत मीठ मिसळा, म्हणजे गोळ्या फुटून चिकट रबडी होईल. वरून गुरांनी तुडवलं, की बहुतेक पाणी धरेल."

पिकाचं रान असं चोपण, पाणी मुरू न देणारं झालं तर शेतकरी कपाळाला हात लावेल. तळ्याला मात्र तेच हवं होतं.

"मीठ?" लाव्हर्ल म्हणाला. "पाण्याजवळ?"

चर्चच्या शिकवणीवर चालणाऱ्या या खोऱ्यात कॉफी पिणं पाप, सिगारेट ओढणं पाप, आणि पाण्याजवळ गुरांचं मीठ ठेवणं हेही पाप. पहिल्या दोन पापांना क्षमा होती. मीठ ठेवायचं ते लांबच्या डोंगराच्या धारेवर, म्हणजे गुरं पांगतात, पाण्याकाठचं गवत वाचतं. कुरण मंडळाचा अध्यक्ष या नात्यानं लाव्हर्ल दर हिवाळ्यात यावर भाषण करायचा, आणि दर हिवाळ्यात तेच. जनीनचं उरलेलं बोलणं त्यानं रविवारच्या प्रवचनासारखं ऐकलं. डोळे उघडे, बाकी सगळं बंद.

थोरानं मात्र ऐकलं. लाव्हर्ल वळू बघायला आयडाहोला गेला आणि सुदैवानं पाऊस पडून गेला, तेव्हा तिनं मिठाची पोती आणवली, तळ्याच्या बुडाशी मीठ पसरलं, ट्रॅक्टरला कुळव जोडून मातीत मिसळलं. मग मधोमध गुरांनी चाटायचे मिठाचे ठोकळे मांडून सगळी गुरं आत हाकलली.

शेजारचा ऑर्लिन घोड्यावरून चालला होता. तो गावच्या चर्चचा बिशप, म्हणजे धर्मगुरूही होता. तो थांबला.

"सिस्टर थोरा, गुरं तळ्यात शिरलीत."

"मीच घातलीत."

"आणि मीठ?"

"तेही मीच."

"लाव्हर्लला माहीत आहे?"

"हे बिशप म्हणून विचारताय की शेजारी म्हणून?"

"शेजारी म्हणून."

"मग नाही माहीत. आणि शेजारी असाल तर खाली उतरा, ती शेवटची पोती काठाला पसरायची राहिलीत."

ऑर्लिन उतरला. चांगल्या कोटावर मीठ सांडलं, तेव्हा बिशप म्हणूनच बोलायला हवं होतं असं त्याला वाटलं.

लाव्हर्ल परतला तो सगळं ऐकूनच. तडक तळ्यावर गेला. गुरं मजेत चिखल तुडवत, मीठ चाटत होती. थोरा काठावर पाय लांब करून गुडघा चोळत होती.

"मंडळात काय सांगू आता?"

"सांग, बायको ऐकत नाही."

"ते त्यांना माहीत आहे."

तो आत उतरला, सवयीनं एक ठोकळा उचलून खांद्यावर घेतला आणि धारेच्या दिशेनं चार पावलं गेला. तिथं थांबला. वळून थोराच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग परत येऊन त्यानं ठोकळा पूर्वेच्या कोपऱ्यात ठेवला.

"गळतं ते इथून," तो म्हणाला. "मधे ठेवून काय उपयोग?"

वसंतात तळं भरलं. मे गेला, पाणी होतं. जूनमध्ये बदकं उतरली. थोरानं प्रोव्होच्या बहिणीला जर्दाळूचा मुरांबा धाडला, स्वतः गेली नाही. लाव्हर्ल भेटेल त्याला तळ्यावर नेऊन, "आम्ही जरा मिठाचा प्रयोग केला," म्हणू लागला.

ऑगस्टमध्ये मात्र मधे नुसतं डबकं उरलं.

"थोरा," लाव्हर्ल जेवताना म्हणाला, "वरचं पाणी आटलं."

"दिसलं मला."

"तू म्हणाली होतीस, तळं धरलं नाही तर प्रोव्होला जाशील."

"गेले का मी?" तिनं त्याच्या ताटात गाजर घातलेली हिरवी जेली वाढली. "पण टँकर चालवीन असं कुठं म्हटलं होतं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी लाव्हर्ल स्वतः टँकर घेऊन निघाला. पहिल्याच चढावर गिअर असा करकरला, की कोंबड्या पांगल्या. थोरानं धूळ आत येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली आणि पीच सोलायला बसली.