आप्पाचा खोडवा

सुनंदाताई प्रोग्रॅमची टेस्ट लिहायला बसल्या की आधी फोन उचलायच्या. कीबोर्ड नंतर. सावेडीतल्या आमच्या लहानशा ऑफिसात बाकी सगळे कानात हेडफोन खुपसून बसलेले, आणि ताई देवळाली प्रवऱ्याच्या कुणा शेतकऱ्याला विचारताहेत, "दादा, तुमची लागन आडसाली का सुरू? कवा केल्ती? आन तुमच्या मतानं तोड कवा यायला पाहिजे?" पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई घरचं बोलताहेत. मग कळलं, मला ज्यांच्या हाताखाली काम शिकायचं होतं त्या याच. ताई आता ऑफिसात नाहीत, गुडघ्यांनी त्रास द्यायला लागल्यावर त्यांनी नोकरी सोडली. पण नवी मुलं टेस्ट लिहायला बसली की मी अजून त्यांच्याच गोष्टी सांगत सुटतो.

आमची कंपनी साखर कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते. त्यातला मुख्य प्रोग्रॅम ऊसतोडणीचा क्रम लावणारा. लागणीची तारीख, ती पावसाळ्यातली आडसाली की जानेवारी-फेब्रुवारीतली सुरू, उसाची जात, लागण आहे की तोडलेल्या बुडख्यातून फुटलेला खोडवा, हे सगळं त्याला द्यायचं आणि कोणत्या शेताची पाळी कधी ते त्यानं सांगायचं. शहरातल्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. पण पाळी लांबली की उसाला तुरे येतात, वजन घटतं, आणि रान मोकळं होत नाही म्हणून पुढचं पीकही हुकतं.

हा प्रोग्रॅम बरोबर चालतोय की नाही, ते तपासणाऱ्या टेस्ट ताई लिहायच्या. प्रत्येक शेतासाठी वेगळी टेस्ट लिहीत बसणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. टेस्ट एकच, आणि तिच्यापुढे एक तक्ता. एका ओळीत एका शेताची माहिती आणि शेवटच्या रकान्यात यायला हवं ते उत्तर. टेस्ट एकेक ओळ घेऊन प्रोग्रॅमला विचारणार. उत्तर जुळलं तर ओळ हिरवी, नाही तर लाल. "तवा एकच हाय, भाकरी कितीबी टाका," असं त्या सांगायच्या. नवा प्रकार सापडला की नवी ओळ, टेस्टला हात लावायचा नाही.

नव्याने आलेला जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करायचाच. शेतकऱ्यांना कोण फोन करत बसणार, म्हणून तो आधी प्रोग्रॅम चालवायचा आणि जे उत्तर येईल तेच शेवटच्या रकान्यात चिकटवायचा. मग काय, सगळा तक्ता हिरवागार! माझे वडील आणि आजोबा शाळेत शिकवायचे, म्हणून ताई मला मास्तर म्हणत. अशी चूक दिसली की त्या मला हाक मारायच्या. "मास्तर, हिकडं या. पोराचीच उत्तरपत्रिका बघून पोराला मार्क द्यायची पद्धत तुमच्या शाळंत हुती का हो?" सगळं ऑफिस हसायचं, चूक करणाराही हसायचा, आणि मग मुकाट्याने फोन घेऊन बसायचा.

ओळींना नुसते नंबर दिलेलेही त्यांना चालत नसत. प्रत्येक ओळीला नाव हवं. त्यामुळे टेस्ट पडली की आमच्या स्क्रीनवर 'देवळालीच्या जिजाबाईंचा आडसाली' असं लाल अक्षरात यायचं. एकदा पुण्याहून आलेल्या सल्लागारांनी याचं कारण विचारलं. ताई त्यांच्याशीही आपल्या माहेरच्या, श्रीगोंद्याच्याच भाषेत बोलल्या. "नंबर चौदा पडला म्हनल्यावर मला काय कळलं, पाव्हनं? कुनाचं मोडलं ते कळाय पाहिजे." सल्लागारांनी ते लिहून घेतलं. माझी हसू आवरताना पुरेवाट झाली.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येतो. एका वर्षी भाऊबीजेला मी फराळाचा डबा घेऊन ताईंकडे गेलो, तर त्यांचा धाकटा भाऊ आप्पा श्रीगोंद्याहून आलेला. ताईंचे आईवडील लवकर गेले, माहेर म्हणजे हा एकटा आप्पाच. ओवाळणं झालेलं होतं, आप्पांच्या कपाळाला कुंकू आणि हातात चिवड्याची बशी. मला पाहून म्हणाले, "मास्तर, तुमच्या मशीनला पेढा खायला घाला आता. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या वरच्या रानाची तोड लागलीय. कांदा लावून मोकळा हुतो मी."

ताईंच्या हातातलं लाडवाचं ताट तसंच राहिलं. "वरचं रान? खोडवा हाय न्हवं तिथं? त्यो तर लई कवळा असंल."

"ते तुझ्या मशीनला इचार की, आक्का," म्हणून आप्पा मोठ्याने हसले. मीही हसलो. ताई हसल्या नाहीत.

सुट्टी संपल्यावर ताईंनी चूक शोधून काढली. खोडव्याचं वय आधीच्या तोडीपासून धरतात. पण आप्पांनी आधीचा सगळा ऊस आसपासच्या शेतकऱ्यांना बेणं म्हणून, म्हणजे लागणीसाठी विकला होता, कारखान्यात त्यातलं टिपरूही गेलं नव्हतं. त्यामुळे कारखान्याकडे तोडीची तारीखच नाही. प्रोग्रॅमला ती जागा रिकामी दिसली आणि त्याने सरळ मूळ लागणीची तारीख धरली. कोवळा ऊस कागदोपत्री म्हातारा झाला. बेण्याला तोडलेल्या उसाच्या खोडव्याची ओळ आमच्या तक्त्यात नव्हतीच, म्हणून सगळं हिरवं दिसत होतं.

साहेब म्हणाले, कारखान्याची तक्रार नाही, हंगाम तोंडावर आलाय, पुढच्या खेपेला बघू. मीही ताईंना हळूच म्हटलं, "आप्पांची तोड होऊन जाऊ द्या ना. आठवड्याचा तर प्रश्न आहे." मला आप्पा आवडले होते, आणि बहीणभावात वितुष्ट यावं असं कुणाला वाटेल?

"मास्तर, त्याला पुढं घेताना दुसऱ्या कुनाला तरी मागं ढकललंय," ताई म्हणाल्या. "त्यो मानूस तक्रार करनार न्हाई. त्याला ठावंच न्हाई." मग त्यांनी तक्त्यात ओळ घातली: 'आप्पाचा खोडवा, बेण्यानंतरचा'. टेस्ट चालवली. भावाचं नाव लाल अक्षरात आलं. मग त्यांनी प्रोग्रॅम दुरुस्त करायला घेतला: बेण्याच्या तोडीची तारीखही आता शेतकऱ्याला विचारून भरायची.

नवी यादी निघाली. आप्पांची पाळी संक्रांतीच्या पार पुढे गेली आणि कांदा हुकला. त्यांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. ताई एवढंच म्हणाल्या, "व्हय, मीच केलं. न्हाई, चुकून न्हाई." त्यानंतर आप्पांनी फोन करणं बंद केलं. राखी पोस्टाने गेली, पोचली की नाही तेही कळलं नाही. ताईंना फार लागलं होतं ते. काम तसंच चालू होतं, चेष्टा मात्र कमी झाली. एकदा डबा खाताना मध्येच म्हणाल्या, "एकच भाऊ हाय रे मला." मला ताईंचा अभिमान वाटत होता आणि रागही येत होता.

पुढच्या हंगामाची यादी लागली आणि दोनच दिवसांनी आप्पा ऑफिसात येऊन उभे. बहिणीकडे न बघता थेट माझ्या टेबलाशी आले. "मास्तर, तुमच्या म्याडमला सांगा, माझ्या खालच्या रानाचं चुकलंय."

ताई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, "काय चुकलंय, इचारा त्यास्नी."

"गेल्या साली तिथला अर्धा ऊस बेन्याला आधी तोडला. ऱ्हायलेला अर्धा कारखान्याला लई उशिरा गेला. मशीन आख्ख्या रानाला बेन्याचीच तारीख धरतंय. माझा पुन्यांदा पहिला नंबर लावलाय."

क्षणभर मला नीट कळेना. पहिला नंबर लागलाय, मग हा माणूस तक्रार कसली करतोय? ताईंना कळलं होतं. त्यांनी खुर्ची वळवली आणि वर्षभरात पहिल्यांदा भावाशी बोलल्या. "दुरुस्त केलं तर तुझी पाळी मागं जाईल."

"जाईल की," आप्पा म्हणाले. "माझ्या पायी शेजारच्या गनपतचं रान अडकलंय. रोज बांधावर गाठ पडती आमची. त्याला काय सांगू?"

ताईंनी पदर डोळ्याला लावला. "जेवलास का?"

"न्हाई."

मी उठून माझी खुर्ची आप्पांना दिली आणि चहा सांगायला खाली गेलो. परत आलो तर ताईंचा डबा दोघांच्या मध्ये उघडलेला. वर्षभर एक फोन करायला काय झालं होतं म्हणून ताई रडत रडत भावाला झापत होत्या, आणि आप्पा मान खाली घालून "व्हय आक्का, व्हय आक्का" करत जेवत होते.