आठवं नाव

हॅल्डनच्या शाळेत नववी ते बारावी मिळून चौऱ्याहत्तर मुलं, आणि त्या प्रत्येकाचे चार वर्षांचे विषय आखून द्यायचं काम सव्वीस वर्षं लोरेटा ब्रेकीकडे. बीजगणित कुणी कधी घ्यायचं, रसायनशास्त्र आधी की जीवशास्त्र, कुठल्या कॉलेजला गणिताची तीन वर्षं चालतात आणि कुठलं चौथ्यासाठी अडून बसतं, सगळं तिला तोंडपाठ. गहू-सूर्यफुलाच्या त्या गावातून जे कुणी शिकायला बाहेर पडलं, ते ब्रेकीबाईंच्या टेबलावरून पुढे गेलं.

त्या मार्चमध्ये घोडं अडलं भौतिकशास्त्रापाशी. शुक्रवारी चारपर्यंत आठ नावं आली तरच पुढच्या वर्षी वर्ग, असं मुख्याध्यापक ओडेल यांनी सांगून ठेवलं होतं. नावं होती सात. त्यात मारित नावाची मुलगी होती. तिला पूल बांधायचे होते, आणि तिला हवं होतं ते इंजिनिअरिंग कॉलेज प्रयोगांसकट भौतिकशास्त्र केल्याशिवाय अर्जाकडे बघतही नव्हतं.

कुणाचंही एक नाव घाल, ऑगस्टमध्ये काढून टाकू, असं ओडेलनीच सुचवलं. लोरेटाला ते पटेना. नुसता आकडा भरायला तिनं आजवर एकाही पोराला कुठे बसवलं नव्हतं. ती अकरावीच्या फायली घेऊन बसली, आणि बुधवारी दुपारी तिच्या हाताला कोल्टरची फाइल लागली. नववीत बीजगणितात पहिला. दहावीपासून मात्र सोपं, व्यवहारी गणित. बदलाच्या कागदावर सही तिची स्वतःची.

तिनं त्याला वेल्डिंगच्या तासावरून बोलावून घेतलं.

"खरं सांगते," ती म्हणाली, "मला फिजिक्सला आठवा हवाय, म्हणून तुझी फाइल उघडली. पण तुला बीजगणित मीच सोडायला लावलं, ते त्यात दिसलं."

कोल्टर हातमोजे पिळत होता. "मला वाटायचं, मला जमत नाही म्हणून काढलंत."

"नाही रे. तुझ्या वडिलांचा हात मळणीयंत्रात गेला होता. घरचं सगळं तुझ्यावर आलं. म्हटलं, ओझं कमी करावं."

"विचारलं असतंत तर काढू नका म्हणालो असतो." तो म्हणाला. "गणित असो नसो, गायी पाचलाच उठवतात, बाई."

मग तिनं त्याला नीट समजावलं. फिजिक्स घ्यायचं तर बीजगणिताचा दुसरा भागही त्याच वर्षी करावा लागेल. वेल्डिंगचा तास जाईल. पहिले दोन महिने जड जातील, आणि नाही म्हणालास तरी माझा राग नाही.

"मारितचा राग असेल. बसमध्ये शेजारी बसते माझ्या."

"तिच्यासाठी नको घेऊस."

"तिच्यासाठी कोण घेतंय?" म्हणत त्यानं तिनं पुढे केलेला फॉर्म खिशात कोंबला.

गुरुवारी तो शाळेतच आला नाही. गाय व्यायली होती म्हणे. शुक्रवारी दुपारपर्यंत लोरेटानं तीनदा कॉफी ओतली आणि तिन्ही वेळा गार होऊ दिली. पावणेचारला फॉर्म आला, दोन्ही विषय लिहिलेला, आईच्या सहीचा, कोपऱ्याला ग्रीस लागलेला.

ओडेलनी यादी वाचली आणि शेवटच्या नावाशी थांबले. "कोल्टर? ह्याला कसं काय पटवलंस?"

"पटवलं नाही. विचारलं."

त्यांनी सही केली. वर्ग मिळाला. मारितला निरोप धाडून लोरेटा खोलीत परतली, तेव्हा बसेस निघून गेल्या होत्या. ती कोट घालायला उठलीही, पण पुन्हा बसली. सध्याच्या मुलांपैकी आपण न विचारता कुणाकुणाला व्यवहारी गणिताकडे वळवलं, त्यांच्या फायली तिनं एकेक करून काढल्या. अकरा निघाल्या. सोमवारी आधी कुणाला बोलवायचं, ते ठरवायला तिनं पहिली उघडली.