टांझानियातल्या गाडीचा गोंदियात सर्व्हे

"नेक दाखव," मी म्हणालो.

"दाखवून राहिलो ना काका," चेतन म्हणाला आणि त्यानं मोबाईलचा कॅमेरा पेट्रोलच्या टाकीवर फिरवला.

टाकी मी पोटभर पाहिली होती. सीट, चेन, ब्रेक सगळं पाहून झालं होतं. सायलेन्सरच्या आत बोट घालायला लावून काजळीचा रंगसुद्धा पाहिला होता. नेक मात्र काही केल्या समोर येईना. नेक म्हणजे चेसिसच्या पुढच्या टोकाची जाड नळी. तिच्यात हँडल फिरतं. पुढच्या चाकाला बसलेला प्रत्येक धक्का तिथं येऊन आदळतो. बाकी सगळी गाडी धुऊन-पुसून खोटं बोलू शकते. नेकला ते जमत नाही.

मी बसलो होतो गोंदियात, माझ्या घराच्या ओट्यावर. गाडी उभी होती टांझानियात.

मी मोटार इन्शुरन्सचा सर्वेअर होतो. आता रिटायर आहे. गाडीला अपघात झाला की कंपनी सर्वेअरला पाठवते. काय तुटलं, कशानं तुटलं आणि मालक सांगतो ते खरं का, हे पाहून त्यानं रिपोर्ट द्यायचा. मालक म्हणायचा, साहेब, म्हैस आडवी आली. आता म्हशीवर आदळलेली गाडी वेगळी दिसते आणि पुलाच्या कठड्यावर आदळलेली वेगळी. मी चहा पिऊन घ्यायचो आणि म्हशीचा पत्ता विचारायचो. या धंद्यात माणसाचा स्वभाव बिघडतो. घरी कोणी लग्नाची पत्रिका घेऊन आला तरी मी आधी त्याच्या गाडीचा बंपर पाहतो.

चेतन हा माझ्या मित्राचा, सौंदडच्या यशवंतचा, एकुलता एक मुलगा. घरी धानाची शेती. पोरगा आयटीआय झाला, राईस मिलच्या मशिनी बसवणाऱ्या कंपनीत लागला आणि कंपनीनं त्याला टांझानियाला पाठवलं. तिकडंही धान पिकतो. तांदळातला काळा दाणा कॅमेऱ्यानं हेरून बाजूला उडवणारी मशीन असते, ती बंद पडली की मिल बंद. मग चेतननं धावायचं. मिली दूर खेड्यांत, रस्ते कच्चे, पाऊस आला की नुसता चिखल. कंपनी राहायला खोली देते, गाडी देत नाही. भाड्याच्या मोटारसायकलवर मागं बसून पोचायला उशीर व्हायचा. तिकडच्या बॉसनं त्याला सांगून टाकलं, स्वतःची गाडी कर, नाहीतर मी दुसरा माणूस पाहतो.

हे मला कळलं सुलोचनावहिनींकडून. चेतनची आई. एक दिवस त्या सौंदडहून सकाळच्या गाडीनं आल्या, चिन्नोर तांदळाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि सरळ विषयावर आल्या.

"भाऊजी, पोराले गाडी पाह्यजे. जुनी घेतो म्हणते. मी त्याले शपत घातली. तुमी हो म्हनाल तवाच घेजो, नाई तर नाई."

"वहिनी, मी इथं आणि गाडी तिकडं."

"मोबाईलमंदी दिसते ना सारं. तुमाले नाई दिसन तं कोनाले दिसन?"

मी नाही म्हणू शकलो नाही. यशवंत जुन्या गाडीवरच गेला. रस्ता सरळ, समोर कोणी नाही, आणि नेक तुटून हँडल हातात आलं. ती गाडी मीच तपासली होती. नेक आधी कधीतरी तडकलेली, वर वेल्डिंग, वेल्डिंगवर सुंदर काळा रंग. विकणाऱ्याला माहीत होतं. यशवंतला माहीत नव्हतं. वहिनींना ते मीच सांगितलं होतं.

तर शोध सुरू झाला. चेतननं पहिला फोटो पाठवला तो सुपरमोटोचा. मूळ गाडी उंच, मातीत उड्या मारायची. तिला रस्त्याची लहान चाकं आणि रुंद, गुळगुळीत टायर बसवले की झाली सुपरमोटो.

"कशी दिसते काका?"

"नवरदेवासारखी. चिखलात काय कामाची?"

"स्टाईल आहे ना."

"चिखलणी झालेल्या धानाच्या बांधीत बूट घालून जाशील काय? मग हिले कायले नेतं?"

त्याला पाहिजे होती ड्युअल-स्पोर्ट. लाईट, हॉर्न, नंबरप्लेट सगळं रस्त्याचं. पण पुढचं चाक मोठं, टायरला दात, आणि पोट जमिनीपासून उंच. बाजारातही जाते, बांधीतही उतरते. मी सांगितलं, इंजिन फार मोठं घेऊ नकोस. पडलास तर एकट्यानं उचलता आली पाहिजे, आणि सामान तिथल्या दुकानात मिळालं पाहिजे.

मग एक डीलर सापडला. दुकान मोठ्या शहरात, माणूस मूळचा गुजराती, हिंदी फर्डी. चेतननं त्याला व्हिडिओवर माझ्यासमोर आणलं.

"भाईसाब, लेडी डॉक्टर की गाड़ी है. सिर्फ संडे को चलाती थी."

माझ्या अंगावर काटा आला. इकडचा प्रत्येक जुनी गाडी विकणारा जिचं नाव घेतो, ती लेडी डॉक्टर इतक्या दूर जाऊनही आम्हाला सोडायला तयार नव्हती. मीटरवर किलोमीटर अगदी कमी. मी म्हटलं, पाय ठेवायची जागा दाखवा. तिथले दात झिजून बोथट झाले होते. गिअरच्या खटक्यावरची नक्षी पार पुसलेली.

"डॉक्टरनीबाई संडेला कितीक पेशंट पाहायची?" मी विचारलं.

डीलरला नेमकं तेव्हाच दुसरं गिऱ्हाईक आलं.

त्यानंतर काही दिवसांनी आली जोसेफची गाडी. जोसेफ म्हणजे चेतनच्याच गावातला मेकॅनिक. एका संस्थेची माणसं खेड्यापाड्यांत फिरायला ड्युअल-स्पोर्ट वापरत. त्यांचं काम संपलं, गाड्या विकल्या, त्यातली एक यानं घेऊन ठेवली होती. अडीचशे सीसी, जपानी. झीज जेवढी असायला हवी तेवढी. मीटर आणि पायदान एकच गोष्ट सांगत होते. मला ती आवडली, आणि गाडी आवडली की मी जास्त घाबरतो.

मी म्हटलं, इंजिन थंड असताना स्टार्ट करून दाखव. जुन्या इंजिनाचा आजार पहिल्या किकलाच कळतो, म्हणून विकणारे लोक गिऱ्हाईक यायच्या आधी ते गरम करून ठेवतात. चेतननं व्हिडिओ लावला तेव्हा इंजिन गरम. पुढच्या वेळी लावला तरी गरम.

"जोसेफला विचार, गरम काऊन?"

"जोसेफ म्हणते, तो आत्ताच चक्कर मारून आला."

उत्तर फार लवकर आलं. विचारून आलेलं उत्तर इतकं लवकर येत नाही. मी जोसेफच्या नावापुढं फुली मारली. विचारलं, गाडी कधी पडली होती का? जोसेफ म्हणतो, नाही. धुतली कशाला? जोसेफ म्हणतो, स्वच्छ आवडते. आणि नेकचा विषय काढला की कॅमेरा टाकीवर. माझी खात्रीच पटली, हा जोसेफ पक्का बनेल माणूस आहे.

त्या दिवशी मी हटून बसलो. नेक दाखवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. शेवटी चेतननं कॅमेरा हँडलवरून खाली सर्रकन नेला आणि म्हणाला, "दिसलं? ओके?" मी तेवढ्यात स्क्रीनशॉट काढला. जुनी खोड.

फोटो मोठा करून पाहिला. नेक धूसर आली होती. पण तिच्या वरचे हँडल धरून ठेवणारे बोल्ट स्पष्ट दिसत होते. अशा बोल्टच्या डोक्यात किल्ली घालायला षटकोनी खळगा असतो. त्या खळग्यांत काहीतरी लाल होतं. गंज तपकिरी असतो, म्हणून गंज नव्हे. तिकडची माती लाल असते हे मला माहीत होतं. पण धुतलेल्या गाडीवर माती फक्त बोल्टांच्या डोक्यातच, प्रत्येकात सारखी, कशी बसेल? आणि लालाच्या कडेला पिवळं होतं.

मी हळदकुंकू ओळखतो. आमच्याकडं गाडी घेतली की हँडलवर, दिव्यावर बोटं लावतात. धुतल्यावर सगळीकडचं जातं, पण बोल्टांच्या खळग्यात महिनोन्‌महिने राहतं. शेकडो गाड्यांवर पाहिलंय.

मी फोन लावला.

"चेतन, जोसेफ कोणत्या धर्माचा?"

"ख्रिश्चन. काऊन काका?"

"मग त्यानं गाडीची पूजा कायले केली?"

पलीकडून हळूच आवाज आला, "पूजेबिगर नवी गाडी कशी चालवू काका? नारळबी फोडला होता."

आईची शपथ मोडताना तो कचरला नव्हता. पूजेशिवाय किल्ली फिरवायची मात्र त्याची छाती झाली नाही.

मग सगळं बाहेर आलं. डीलरची गाडी मी नाकारली त्याच आठवड्यात त्यानं जोसेफकडून गाडी घेतली होती. बॉसची घाई होती आणि मी नाही म्हणेन अशी भीती होती. गाडी चांगलीच होती. रोज चालवत होता, म्हणून इंजिन गरम. जोसेफची सगळी उत्तरं चेतनचीच. मी ज्याला इतके दिवस शिव्या घालत होतो, त्या बिचाऱ्याला मी या जगात आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. पुढं पावसात एक रस्ता वाहून गेलेला, पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि पोरगा हँडलवरून पलीकडं पडला. त्याचं खरचटण्यावर निभावलं. पण तेव्हापासून हँडल थरथरत होतं. गाडी ठीक आहे एवढं त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि नेक दाखवली तर मी ते म्हणणार नाही हेही त्याला कळत होतं.

मला भयंकर राग आला. "डॉक्टरकडं जाऊन शेजाऱ्याचं पोट दुखते म्हणून कायले सांगून राहिला?" मी ओरडलो. "रॉकेल आण. आणि खडू."

धातूतला बारीक तडा डोळ्याला दिसत नाही. पण त्या जागी रॉकेल लावायचं, थोडं थांबून कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आत गेलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. चेतननं नेकवरचा रंग खरवडला आणि तसं केलं. या वेळी कॅमेरा हलला नाही. आम्ही दोघंही पाहत राहिलो.

रेघ आली. नळीच्या खालच्या बाजूनं अर्धा वेढा घालून आली.

हे पोरगं त्या गाडीवर अजूनही रोज कामाला जात होतं.

"इथं वेल्डर चांगला आहे काका," तो म्हणाला.

"तुझ्या बाबाच्या गाडीलेही चांगलाच भेटला होता."

त्यानं खडूची पूड पुसून टाकली. मग म्हणाला, "तं मंग इकून टाकतो. घेनारे लय आहेत. आईले तेवढं सांगू नका."

आता हे माझ्या एकट्याच्या ताकदीचं नव्हतं. मी वहिनींना त्याच फोनवर जोडून घेतलं आणि चेतनला म्हटलं, सांग. त्यानं सांगितलं. शपथ, गाडी, खड्डा, रेघ, विकायचा बेत, सगळं.

"कोनाले इकशीन?" वहिनींनी विचारलं.

"भेटन ना कोनी."

"त्याले माय नसन काय?"

चेतन रडायला लागला. वहिनींनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "काप ते. भाऊजीले दाखवून काप."

आमच्या भाषेत याला टोटल लॉस म्हणतात. गाडी दुरुस्त करण्याच्या लायकीची राहिली नाही, मोडीत काढा. दुसऱ्या दिवशी जोसेफच्या गॅरेजात ग्राइंडर लावून नेकचे दोन तुकडे केले, म्हणजे कोणी पुन्हा जोडून रंग मारून विकायला नको. इंजिन आणि चाकं जोसेफनं सुट्या भागांसाठी ठेवून घेतली. तो पहिल्यांदाच माझ्यासमोर आला. पांढऱ्या दाढीचा, शांत माणूस. त्यानं चेतनला विचारलं, तुमच्याकडं आधी पूजा करतात आणि मग कापतात का? मी म्हटलं, त्याला सांग, बोकडाचं तसंच करतात.

नोकरी गेली नाही. बॉस चिडला, पण मशीन बंद पडल्यावर घाई मिलवाल्याला असते. आता मिलवालाच पिकअप पाठवतो. चेतनला त्यात धानाच्या पोत्यांवर बसून जावं लागतं, दिवस मोडतो, अंग दुखतं. म्हणून तो पुन्हा गाडी शोधतोय. या वेळी नेकचा फोटो सगळ्यात आधी पाठवतो.

परवा त्यानं पाठवलेली गाडी मी दोन दिवस तपासली. थंड इंजिन, पहिल्या किकला चालू. नेक स्वच्छ. चाकं एका रेषेत. विकणारी एक शाळामास्तरीण, आणि ती खरोखरच शाळामास्तरीण होती. मला नाव ठेवायला जागा सापडली नाही.

तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, चेतन म्हणते, भेटली म्हणून. तुमी हो म्हनून राहिले काय?"

"गाडी चांगली आहे, वहिनी."

"असन. पन तिकडचा पावसाळा सरू द्या ना."

इतक्या वर्षांच्या नोकरीत लोकांनी मला खूप काही देऊ केलं. मी कोणासाठी खोटा रिपोर्ट दिला नाही. चेतनला फोन लावून मी म्हटलं, बेटा, चेनचा आवाज मला बरा वाटत नाही. सोड ही.

"काका, तुमी लय संशयी आहा," तो वैतागून म्हणाला.

मी हो म्हटलं.