बदकाचे सहा थांबे

तर काल गोष्टीत मशीन थांबली, तिथेच आपणही थांबलो होतो. भरतकामाची मशीन ती, एका सुईची. दोऱ्याचा रंग बदलायचा असला की आपोआप थांबायची, आणि मशीनवाला मान न वळवता ओरडायचा, "अगं, आता कुठला?" मागून कॉम्प्युटरवरूनच बायको सांगायची, "पोपटी. आणि कालच्यासारखा शेवाळी नका लावू. डोळे आहेत की बटणं?"

बावीस वर्षं असा संसार. चित्र काढायची ती, टाके घालायचा तो. तिच्या सॉफ्टवेअरमधल्या फाईलच्या नावाला ईएमबी असं शेपूट असायचं. मशीनला ती फाईल कळत नसे, म्हणून तिच्यावरून डीएसटी शेपटाची दुसरी फाईल काढून ती पेनड्राइव्हवर द्यायची. त्याला ठाऊक ते एवढंच.

शेवटच्या आजारपणात, पाठीला उशी लावून, रोज अर्धा अर्धा तास बसून तिने एक बदक काढलं. डोक्यावर छत्री, पायाशी डबकं. मुलीला दिवस गेले होते, त्या बाळाच्या दुपट्यासाठी. "डबक्यापासून सुरू करा, आकाशी लावा. पुढचं सांगेन. काही घाई नाही," पेनड्राइव्ह हातात देत म्हणाली, आणि आठवड्याच्या आत गेली.

पुढे महिन्याभरात कॉम्प्युटर जागा नाही म्हणून कुरकुरायला लागला. हा गडी बसला साफसफाईला. मशीनला जे पचत नाही ते ठेवायचं कशाला? ईएमबीवाल्या झाडून साऱ्या फायली उडवल्या, वर कचरापेटीही रिकामी केली. मशीनच्या सगळ्या शाबूत! स्वतःवर खूश होऊन चहा केला, त्यात साखर जास्त घातली.

अकरा दिवसांनी दुपटं चौकटीत ताणलं. आकाशी डबकं झकास उतरलं. मशीन थांबली. "अगं, आता..." म्हणून गेला तो.

मग उठून फाईल कॉम्प्युटरवर उघडली. सहा थांबे नि त्यांचे रंग दिसले, जीव भांड्यात पडला. चष्मा पुसून पाहतो तर बदक हिरवं, चोच निळी. शाळेच्या बिल्ल्याची जुनी फाईल उघडली, तर तिच्यातही तेच रंग, त्याच क्रमाने. हे काम शिकवणाऱ्या एक बाई ओळखीच्या होत्या, त्यांना फोन लावून सगळं सांगितलं.

"काका, डीएसटीत टाके असतात, कुठे थांबायचं ते असतं. दोरा कुठला, ते नसतं. पडद्यावरचे रंग सॉफ्टवेअर आपल्या मनाने देतं. खरे रंग ईएमबीत."

"ती परत आणता येईल?"

"त्यानंतर कॉम्प्युटरवर काही काम केलंत?"

"रोजच. नव्या ऑर्डरी भरतोय ना."

"मग गेली ती, काका. उडवलेल्या फायलींच्या जागेवर नव्या बसतात."

संध्याकाळी मुलीचा फोन. आठवा सरत आलेला. "बाबा, आईचं बदक झालं का हो?"

त्याने काही न लपवता सांगितलं. ती नाक ओढून म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा. बदक पिवळं करा, बाकीला घाला कुठलाही रंग. बाळाला काय कळतंय?"

समोर चौकटीत पांढऱ्या कापडावर नुसतं डबकं होतं. तो त्यावरून बोट फिरवत राहिला.

"कुठलाही कसा घालू गं? कुठलाही चालला असता, तर तिने एकाच दोऱ्यात उरकलं असतं, सहा वेळा थांबवलं नसतं मला. हे डबकं तेवढं तिच्या रंगाचं आहे. तेवढंच पाठवतो."