सिग्नलच्या गाडीतली चिप

माझ्या नवऱ्याला पिकअप स्टँडवर सगळे सिग्नल म्हणतात. खरं नाव विचारलंत तर तिथले ड्रायव्हर एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. स्टँडवरून निघालं की लगेच मोठा चढ लागतो. भरलेली गाडी त्या चढाला घालायच्या आधी प्रत्येक जण बॉनेट उघडतो आणि याला हाक मारतो. हा इंजिनाच्या कडेला तळहात टेकवतो, मान तिरकी करून ऐकतो आणि म्हणतो, "जा." नाहीतर म्हणतो, "नको." बस, एवढंच. घरीही तो याहून फारसं बोलत नाही, तेव्हा माझ्या सहनशक्तीबद्दल मला कुणीतरी बक्षीस द्यायला हरकत नाही.

त्याच्या शब्दाला वजन होतं, कारण तो कशाचंच कौतुक करायचा नाही. नवे टायर असोत, नवं ऑइल असो की मी हौसेने शिवलेले पडदे, त्याचं उत्तर ठरलेलं, "बघू." त्यामुळे त्याने एखाद्या वस्तूला बरं म्हटलं की स्टँडवरचे लोक डोळे झाकून ती घ्यायचे.

हे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला चांगलं माहीत होतं. साडूचं नातं आणि साखरेची जीभ. मोबाइलची कव्हरं विकायचं दुकान बंद करून त्याने गाड्यांना चिप बसवायचा धंदा काढला होता. एका संध्याकाळी साबणाच्या वडीएवढी काळी डबी घेऊन तो आमच्याकडे आला.

"दादा, कंपनी इंजिनाची ताकद मुद्दाम दाबून ठेवते. ही चिप ती मोकळी करते. चढावर गाडी पळेल आणि डिझेलही वाचेल."

"दाबून ठेवली असेल तर काहीतरी विचार करूनच ठेवली असेल ना?" सिग्नल म्हणाला. "आम्ही मरणाचं वजन ओढतो. जास्तीची ताकद येणार कुठून? इंजिनाच्या आयुष्यातूनच ना?"

एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. पण साडू हसला. "तुम्हाला फुकट लावतो. घरचे आहात. पटलं तरच चार लोकांना सांगा."

घरच्या माणसाला किती वेळा नाही म्हणणार? डबी बसली. बॉनेटखाली हिरवा दिवा लुकलुकायला लागला. जाताना साडूने बजावलं, "सुरुवातीला पाय एकदम अलगद ठेवा. चिप तुमचा पाय शिकते."

मग काय, आमचा सिग्नल पेडलखाली अंडं ठेवल्यासारखी गाडी चालवू लागला. घाईने ओव्हरटेक नाही की उगाच रेस नाही. आणि खरंच, डिझेल पुरायला लागलं. मी म्हटलं, "बघ, माझ्या माहेरच्या माणसांना उगाच नावं ठेवत होतास." त्यावर तो गालात हसला. मग एक दिवस स्टँडवर कुणीतरी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बरी आहे."

झालं! साडूच्या दारात रांग लागली. त्यात पहिला होता पैलवान. हा पैलवान अंगाने इतका काटकुळा की वाऱ्याच्या दिवशी त्याची काळजी वाटावी. पण सिग्नल आजारी पडला होता तेव्हा स्वतःच्या फेऱ्या सोडून आमची गाडी चालवणारा माणूस हाच. त्याच्याकडे एक पिकअप होती. दुसरं काही नव्हतं आणि दुसरं काही येतही नव्हतं.

पैलवानाची गाडी भलतीच पळायला लागली. तो शेफारला. मागून काळा धूर निघायचा. फरशांनी भरलेली गाडी चढाला घालायच्या आधी त्याने बॉनेट उघडलं. सिग्नलने हात टेकवला आणि उचलला. पुन्हा टेकवला.

"धूर फार आहे. तापलंयही," तो म्हणाला आणि तिथूनच साडूला फोन लावला. साडू म्हणाला, "चिप अजून शिकतेय, दादा. तुमच्या गाडीत काही त्रास झाला का?"

नव्हता झाला. त्याचा हात नको म्हणत होता, पण तीच डबी त्याच्याही गाडीत होती आणि देणारा घरचा होता. तो म्हणाला, "जा."

गाडी चढाच्या मध्यावर बंद पडली. गॅरेजमधल्या फिटरने पिस्टन काढून दाखवला. मधोमध वितळून भोक पडलं होतं. दुसरं इंजिन घालायची पैलवानाची ऐपत नव्हती. गाडी भंगारात गेली.

त्या दिवशी सिग्नलने घरी येऊन आपली डबी काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती उघडली. आत एक दिवा, दोन वायरी आणि वजनासाठी भरलेला, पत्र्याचे खड्डे बुजवतात त्या लांबीचा गोळा. बाकी काही नाही.

"चिप कुठाय?" मी विचारलं.

त्याने पैलवानाची डबी आणली होती. तीही उघडली. ती मात्र इलेक्ट्रॉनिक भागांनी खच्चून भरलेली होती. त्याने दोन्ही डब्या पिशवीत घातल्या.

तसेच उठून आम्ही बहिणीच्या घरी गेलो. ती दोघं जेवायला बसली होती. सिग्नलने दोन्ही डब्या ताटाशेजारी ठेवल्या. साडूने घास गिळला, पण लाजला मात्र नाही.

"चिप खोटी नाहीये, दादा. रिकामी गाडी हौसेने पळवणाऱ्याला चालते ती. हे लोक ढिगाने माल भरतात, त्याला मी काय करू?"

"मग माझ्या गाडीत का नाही लावलीस?"

"तुम्हीही ढिगाने भरता ना! ताईचा संसार आहे त्या गाडीवर. घरच्या गाडीशी खेळ करीन का मी?"

त्याला ही मेहेरबानी वाटत होती! आणि माझी सख्खी बहीण, जिच्या वेण्या मी घातल्या, ती मला म्हणाली, "अगं, त्यांनी तुमची काळजीच घेतली की." केसाने गळा कापणं काय असतं ते मला तिथे कळलं. त्या घराची पायरी मी पुन्हा चढलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सिग्नलने स्टँडवर सगळ्यांसमोर दोन्ही डब्या उघड्या करून ठेवल्या. मी सोबत गेले होते आणि नको म्हणत होते. पण तो म्हणाला, "त्यांच्याही गाड्यांत आहे. काढायला नको?" त्याने सगळं खरं सांगितलं. ज्यांनी चिप बसवली होती त्यांनी तिथल्या तिथे ती उपटून फेकली. पैलवानाने मात्र रिकामी डबी उचलली आणि उलटीपालटी करून पाहिली.

"तुझ्या गाडीत रिकामी," तो म्हणाला, "आणि माझ्या गाडीत खरी. तो तुझा साडू. आणि तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"इंजिनाला हात लावून तुला सगळं कळतं रे. स्वतःच्या इंजिनाचं नाही कळलं?"

जन्मात खोटं न बोललेल्या माणसाचं खरं त्या दिवशी खोट्यासारखं ऐकू आलं. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण चोराची मेहुणी मी, माझं कोण ऐकणार?

परवा तो चष्मा घरी विसरला म्हणून मी स्टँडवर गेले होते. पैलवान आता दुसऱ्याची पिकअप रोजावर चालवतो. मागे सिमेंटची पोती रचलेली होती. गाडी आमच्यासमोर थांबली. सिग्नल बाकावरून उठला, हात फडक्याला पुसले आणि पुढे झाला.

पैलवानाने खाली उतरून बॉनेट उघडलं. स्वतःच आत वाकून ऐकलं, त्याला जमेल तसं. मग बॉनेट लावलं, गाडीत बसला आणि चढाकडे निघून गेला.

सिग्नल पुसलेले हात तसेच धरून उभा होता. मी त्याला चष्मा दिला.