एकतीस गुणांची पिछाडी

ऑफिसात कुणाचं भांडण जुंपलं की काका खुर्चीवरून उठायचे, एका हाताच्या आडव्या तळव्याखाली दुसऱ्या हाताची बोटं उभी टेकवायचे आणि म्हणायचे, "टाइम आउट! आधी पाणी प्या." भांडणारा व्यापारी असो की हमाल, त्या खुणेचा अर्थ कुणालाच ठाऊक नसे. तरी सगळे गप्प व्हायचे. सव्वासहा फुटांचा माणूस पुढ्यात येऊन उभा राहिला की कोण कशाला बोलेल?

जयपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मी नोकरीला लागलो तेव्हा ते तिथं सीनियर क्लार्क होते. मूळचे भुसावळचे, म्हणजे माझ्याच गावचे. तरुणपणी बास्केटबॉलच्या जोरावर रेल्वेत आले, गुडघा गेल्यावर टेबलावरच्या कामाला लागले. हेडक्लार्क त्यांना 'कोच साहब' म्हणायचे. मी काका म्हणायचो. ते मला नावानं हाक मारत नसत, 'बी.ए.' म्हणत.

त्याचं मला वाईट वाटत नसे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनांच्या कामावरचे मजूर. हे मी कुणी न विचारताही सांगायचो, आजही सांगतो. ऑफिसातले सगळे इंग्रजी अर्ज मी लिहायचो, फुकट, आणि लिहून झाले की मोठ्यानं वाचून दाखवायचो.

काकांचा जीव मात्र सातासमुद्रापलीकडच्या एका स्पर्धेत अडकलेला. युरोपातल्या देशोदेशीचे विजेते क्लब दर हिवाळ्यात एकमेकांशी बास्केटबॉल खेळतात, त्यातला एक इटलीचा संघ त्यांनी आपला मानला होता. कारण विचारलं तर म्हणाले, "अरे, त्यांच्यातले निम्मे खेळाडू पस्तिशीच्या पुढचे आहेत. गुडघे बांधून खेळतात."

आता तुम्ही विचाराल, जयपुरात बसून त्यांना हे कळायचं कसं? जोहरी बाजारातला एक खड्यांचा व्यापारी आमच्याकडून पार्सलं पाठवायचा. त्याचा माल मुंबईमार्गे इटलीला जाई, नापसंत खडे परत येत, आणि ते ज्या कागदांत गुंडाळलेले असत तो तिकडचा गुलाबी रंगाचा खेळांचा पेपर असे. व्यापारी ते चुरगळलेले कागद काकांसाठी राखून ठेवायचा. काका ते पाण्याचा हात लावून सरळ करत, वजनाच्या लोखंडी मापांखाली दाबून ठेवत. भाषा ना त्यांना येत होती ना मला. ते फक्त आकडे वाचत. कोण कुठं खेळलं, किती गुण झाले, ते एका रद्द झालेल्या रजिस्टरात उतरवून घेत. कागद येतील तसे येत, त्यामुळे डिसेंबरचा सामना कधी ऑक्टोबरच्या आधी कळे. मधली पानं कोरी सोडून ते वाट बघत.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात एक कागद आला आणि काकांचा चहा तसाच निवून गेला. इटलीवाले ग्रीसमध्ये जाऊन एकतीस गुणांनी हरले होते.

"क्यों कोच साहब, आपके बुड्ढे पिट गए?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"अर्धंच झालंय, साहेब. अजून घरचा सामना आहे." रागावले की काका हेडक्लार्कांशीही मराठीतच बोलायचे.

मग त्यांनी मला नियम समजावला. दोन संघ दोनदा खेळतात, एकदा एकाच्या गावी, एकदा दुसऱ्याच्या. दोन्ही सामन्यांचे गुण एकत्र करायचे, ज्याचे जास्त तो पुढं जाणार.

मी सरळ सांगितलं, "काका, एकतीस गुण म्हणजे गेलं. साधं गणित आहे."

"बी.ए. झालास, पण कधी घरच्या मैदानावर खेळलायस का?"

मी खेळलो नव्हतो.

त्यांचं घर म्हणजे भुसावळ. तिथं काकू होत्या, अर्धांगाच्या झटक्यानं अंथरुणाला खिळलेल्या, काकांच्या धाकट्या भावाच्या घरी. मूलबाळ नव्हतं. जयपूरला आणलं तर दिवसभर जवळ बसणार कोण? वाचा गेली होती, ओळख तेवढी राहिली होती. काका दीड-दोन महिन्यांनी जाऊन येत. परतले की म्हणत, "हात धरला तर सोडत नाही. गाडीची वेळ झाली की बोटं एकेक करून सोडवावी लागतात." काकूंची ओळख आहे तोवर भुसावळला बदली मिळावी, एवढीच त्यांची धडपड होती. दोन अर्ज जागा रिकामी नाही म्हणून परत आले होते. दोन्ही मीच लिहिलेले.

जानेवारीत भुसावळहून पत्र आलं. तिथल्या एका क्लार्कला जयपूरला यायचं होतं, सासुरवाडी इथल्या सोडाला भागात होती त्याची. दोघांनी आपसांत अदलाबदल करायची, म्हणजे आमच्या भाषेत म्युच्युअल. अडचण एकच. तो ज्युनिअर होता, त्यामुळे काकांना खालच्या ग्रेडमध्ये जावं लागणार होतं.

"जातो," काका म्हणाले. "ग्रेड काय चाटायची आहे?"

त्याच आठवड्यात दुसरा गुलाबी कागद आला. काकांनी तो सरळ केला, बोट ठेवून आकडे दोनदा वाचले आणि माझ्यासमोर आणून धरला. इटलीवाल्यांनी घरचा सामना चौतीस गुणांनी जिंकला होता. एकतीस फेडून तीन वर. त्या दिवशी त्यांनी सगळ्या ऑफिसला कचोरी खाऊ घातली. हेडक्लार्कांनी दोन खाल्ल्या.

आता जे सांगणार आहे ते मला कमीपणाचं आहे, पण मी गोलगोल बोलणाऱ्यांतला नाही. कचोरी खाता खाता मीच म्हणालो, "काका, मग तुम्ही कशाला खाली उतरता? पंचवीस वर्षं नोकरी झाली, आणि पोरासोरांच्या खाली बसणार? तिसरा अर्ज असा लिहितो की साहेब वाचतच राहील. एकतीस फिटतात, तर तुमची बदली होत नाही?"

त्यांनी हातातली कचोरी खाली ठेवली.

"नक्की म्हणतोस?"

"नक्की. आपलं इंग्रजी आहे."

माझ्या इंग्रजीवर कुणी इतका भरवसा टाकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी भुसावळला नकार कळवला. त्या क्लार्कनं महिन्याच्या आत दुसरा कुणी गाठला. मी अर्जावर चार दिवस घालवले. डिक्शनरी काढून बसलो. तसा अर्ज मी पुन्हा कधी लिहिला नाही.

होळीच्या आधी भुसावळहून तार आली, काकू गेल्याची. काका मिळेल त्या गाडीनं निघाले, पण ते पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेरावा करून परत आले, टेबलावर बसले, आणि साठलेल्या पावत्या संपवायला लागले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात व्यापाऱ्यानं स्वतः येऊन कागद दिला. यावेळी पहिल्याच पानावर मोठा फोटो होता, घामानं भिजलेले प्रौढ गडी एकमेकांच्या गळ्यात पडलेले. त्यांचा संघ अंतिम सामना दोन गुणांनी जिंकला होता, युरोपचा विजेता झाला होता. काकांनी फोटो पाहिला, "बरं झालं" म्हणाले, आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "तू लिही. अक्षर चांगलंय तुझं." मी लिहिलं. त्यांनी ते वाचून पाहिलं नाही.

जूनमध्ये तिसरा अर्ज मंजूर होऊन आला. भुसावळ, आहे त्याच ग्रेडमध्ये. हेडक्लार्क हातात ऑर्डर घेऊन उभे राहिले, त्यांनाही अभिनंदन करावं की नाही ते सुचेना. शेवटी नुसतंच म्हणाले, "कोच साहब, आ गया."

काकांनी ऑर्डर घडी करून खिशात ठेवली. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आले. इतका उंच माणूस, पण स्टूल ओढून बसले तेव्हा माझ्याहून बुटका वाटला.

"बी.ए., एक अर्ज लिहायचाय. बदली रद्द करा म्हणून."

"काका, घर आहे तिथं."

"भावाचं आहे."

कारण काय लिहू ते विचारायचं धाडस मला झालं नाही. 'घरगुती अडचणीमुळे' एवढंच लिहिलं, साध्या चार ओळी, आणि पहिल्यांदाच मोठ्यानं वाचून दाखवलं नाही. त्यांनी स्वतःच वाचलं, सावकाश, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून.

"छान लिहिलंस," म्हणाले, आणि सही केली.

तो अर्ज आठ दिवसांत मंजूर झाला.