शालूचे रिकामे हात

शालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी धामापूरला, भगवतीच्या देवळात होते. शालू म्हणजे माझी धाकटी जाऊ, तुमची काकीआजी. "पडवीत, खुर्चीत बसल्या जागी गेली," तिचा मुलगा सांगत होता, आणि मी विचारलं, "हातात काय होतं तिच्या?" अशा वेळी हे कुणी विचारतं का... अजून लाज वाटते.

मुलांनो, तुम्ही पाठवलेलं इम्प्रेशनिस्ट चित्रांचं जाडजूड पुस्तक आम्ही दोघी दुपारी त्याच पडवीत पाहायचो. माझ्या शिस्तीप्रमाणे, एकही पान न गाळता. त्यात देव नाहीत, राजे नाहीत. नदीकाठी सुट्टी घालवणारी माणसं, होडीतली जोडपी, झाडाखाली अंगावर कवडसे घेऊन वाचणारी बाई. साधी दुपारसुद्धा रंगवण्याजोगी असते, असं मी समजावून सांगे. शालू केरसुणीसाठी सुरीने झावळीचे हीर काढता काढता मान वाकडी करून बघे. गवतावरची न्याहारी पाहून म्हणाली, "ह्या सगळा रांधल्यान कोणी गो वयनी? ती खंय आसा?" पण एका पानावर ती थांबली. बाकावर एक बाई, दोन्ही हात मांडीवर. "हातात काय्येक नाय," ती हळूच म्हणाली, "आणि लाजता पण नाय मेली!"

आमच्याकडे फाटक वाजलं की बसलेली बाई काहीतरी हातात घ्यायचीच. सूप, विळी, निदान लसणीचा गड्डा. हे कुणी शिकवलं नव्हतं. रिकामं दिसणं म्हणजे पदर ढळल्यासारखंच वाटे.

गेल्या मे महिन्यात तुम्ही व्हिडिओ कॉलवर हट्ट धरलात, "काकीआजी, त्या चित्रातल्यासारखी बस, फोटो काढतो." मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. हातांचं काय करावं ते तिला कळेना. शेवटी ते पदराखाली लपवून तिने मान खाली घातली. "पुरे गो. निसती बसलंय तर लोक काय म्हणतले?" आपण सगळे हसलो. तिचा तेवढाच एक फोटो आहे, त्यात ती चोरी पकडल्यासारखी दिसते.

माझ्या त्या प्रश्नावर तिचा मुलगा फोनवर म्हणाला, "काय नव्हता, काकी. सुरी खाली ठेवलेली. हात मांडयेर होते." भर देवळात मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची शरम वाटली.

आता दुपारी मी तिच्या खुर्चीत बसते. पुस्तकही घेत नाही, नुसती बसते. काल फाटक वाजलं. वीजबिल देणारा मुलगा होता. तो पायरीपर्यंत आला तेव्हा माझ्या एका हातात झावळी होती, दुसऱ्यात शालूची सुरी.